सायकलस्वाराची पडशी

आमच्या महाविद्यालयांत नव्यानें रुजू झालेल्या एका तरुण प्राध्यापिकेनें गेल्या पावसाळ्यांत सायकल घेतली. तिचें घर जुळे सोलापुरांत, कॉलेज शहराच्या दुसऱ्या अंगास. जाऊन-येऊन बारा किलोमीटरांची रपेट होते. सायकल कोणती घ्यावी हें तिनें कोणास विचारलें नव्हतें. परंतु तीवरून सामान कशांत न्यावें, हा प्रश्न मात्र तिनें प्राध्यापकांच्या खोलींत सर्वांपुढें टाकला. एकानें पाठीवरची सॅक सुचविली, दुसऱ्यानें हँडलास टोपली लावावी म्हटलें, तिसऱ्यानें सायकल परत करून स्कूटर घ्यावी असा पोक्त सल्ला दिला. मी इतिहास शिकवितों आणि गेलीं तीस वर्षें सायकलीवरून कॉलेजास जातों. तेव्हां ह्या विषयावर बोलण्याचा आपणांस दुहेरी अधिकार आहे असें समजून मीं आरंभ केला. इतक्यांत तासाची घंटा झाली आणि माझें उत्तर अर्ध्यावर राहिलें. तें येथें पुरें करितों.

प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा, पण इतिहासाच्या अभ्यासकास तो अडचणींत टाकणारा आहे. कोणता राजा कोणत्या पालखींतून मिरवला हें सांगणारे कागद आम्हांस हवे तितके मिळतात. कामकरी मनुष्य कामावर जातांना बरोबर काय नेई व तें कशांत बांधून नेई, हें सांगणारे कागद फार थोडे. पिशवी फाटली कीं तिचें पोतेरें होतें, आणि पोतेऱ्याला कोणत्याहि दप्तरखान्यांत जागा नसते. शब्द मात्र त्या मानानें चिवट. म्हणून शब्दांपासून निघावें हें बरें.

सायकलच्या मागल्या चाकाच्या दोन्ही अंगांस ज्या पिशव्या लटकवितात त्यांना इंग्रजींत 'पॅनिअर' म्हणतात. हा शब्द इंग्रजांनीं फ्रेंचांकडून घेतला आणि त्याचें मूळ लॅटिनांतील 'पानारियुम्' हें आहे. 'पानिस्' म्हणजे पाव अथवा भाकरी. 'पानारियुम्' म्हणजे ती ठेवावयाची टोपली. आपण खातों तो 'पाव'देखील पोर्तुगीजांच्या हातून ह्याच 'पानिस्'पासून आपल्याकडे आलेला. गाढवाच्या पाठीवर दोहों बाजूंस ज्या टोपल्या बांधीत त्यांना पुढें हें नांव पडलें, आणि गाढवाची जागा सायकलनें घेतली तरी नांव बदललें नाहीं. एवढ्या शास्त्रीय थाटाच्या शब्दाच्या पोटांत शेवटीं भाकरीच निघावी, ह्याचें मला फार कौतुक वाटतें. आणि पुढें सोलापूरची जी हकीकत सांगावयाची आहे तिच्याशीं तें चांगलें जुळतेंहि.

आपल्याकडे असल्या सामानाला शब्दांचा तोटा कधींच नव्हता. घोडेस्वाराची खुर्जी ही फारसींतून आलेली. घोड्याच्या पाठीवर आडवी टाकली म्हणजे तिचा एक खिसा ह्या कुशीस आणि एक त्या कुशीस लोंबे. पायीं जाणाऱ्याची पडशी ही तिची धाकटी बहीण. खांद्यावर टाकली कीं एक खिसा छातीवर येई आणि दुसरा पाठीवर. आमचें सोलापूर तिन्ही भाषांचें गांव, म्हणून येथें साध्या पिशवीला मराठी घरांत पिशवी, तेलुगु घरांत 'संचि' आणि कानडी घरांत 'चीला' म्हणतात. पानसुपारीची आपली चंची ह्या संचीच्याच कुळांतली दिसते. परंतु ह्या सर्वांत आमच्या विषयाला अत्यंत जवळची म्हणजे बैलाची गोण.

आगगाडी सोलापुरास पोंचली ती १८६० सालीं. तोंपर्यंत पठारावरचें धान्य आणि कापूस घाटाकडे जाई व कोंकणचें मीठ पठारावर येई, तें बऱ्याच अंशीं लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. गोण भरणें ही एक विद्याच होती. दोन्ही बाजूंचें वजन सारखें पाहिजे, नाहींतर पालाण एका अंगास कलतें आणि बैलाची पाठ सोलवटते. ओझें कुशीलगत खालीं बसलें पाहिजे. पाठीच्या वर उंच रचलेलें ओझें चालतांना डुलतें आणि जनावर निम्म्या मजलेंतच दमतें. आणि बांधलेल्या दोराचें टोंक कोठेंहि मोकळें लोंबतां कामा नये. हे तीन नियम ज्यांनीं घालून दिले त्यांनीं सायकल स्वप्नांतहि पाहिली नव्हती. पण सायकलीवर सामान लादण्याविषयीं जगांत जें कांहीं शहाणपणाचें लिहिलें गेलें आहे तें सारें ह्या तीन वाक्यांत येऊन जातें.

आणखी एका शब्दाचा निर्देश केल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. तो म्हणजे 'दप्तर'. मुलें शाळेंत नेतात तें दप्तर आणि पुण्याचें पेशवे दप्तर हा शब्द एकच. फारसीच्याहि मागें गेलें तर तो ग्रीकांच्या 'दिफ्थेरा'पाशीं पोंचतो, आणि त्याचा अर्थ कमावलेलें कातडें. लिहावयाच्या कातड्यावरून वही, वहीवरून कचेरी आणि कचेरीवरून पुन्हां मुलाच्या खांद्यावरची पिशवी, असा ह्या शब्दाचा फेरा झाला. पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत. रियासतकार सरदेसायांनीं १९३० ते १९३४ ह्या वर्षांत त्यांतून निवडून ४५ खंड छापले, ते असले हजारों रुमाल सोडून व पुन्हां बांधून. कागद कशांत बांधले आहेत ह्यावर ते वांचतात कीं नाहीं हें ठरतें, ही गोष्ट इतिहासाच्या प्राध्यापकास तरी ठाऊक असावयास पाहिजे होती. ती मला किती उशिरां कळली तें पुढें सांगणार आहें.

आतां सायकलकडे वळूं. उंच चाकाच्या जुन्या सायकलीवर सामानाला जागा जवळजवळ नव्हतीच. टॉमस स्टीव्हन्स हा इसम १८८४ सालीं तसल्या सायकलीवर बसून सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ सालीं पृथ्वीप्रदक्षिणा आटोपून योकोहामास पोंचला; वाटेंत त्यानें लाहोरपासून कलकत्त्यापर्यंतचा आपला मोठा रस्ताहि तुडविला. त्याच्या हँडलावरच्या पिशवींत मोजे, एक जास्तीचा सदरा, तंबूचें व अंथरुणाचें काम देणारा एक पावसाळी कोट आणि एक पिस्तूल एवढीच चीजवस्त होती. त्याच १८८४ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सीकडील जॉन वुड यानें सायकलवर लटकवावयाच्या पिशव्यांचें पेटंट मागितलें. पुढल्याच वर्षीं स्टार्लीची 'रोव्हर' निघाली. दोन्ही चाकें सारखीं झालीं, मागल्या चाकावर कॅरिअर बसूं लागला, आणि १८८८ सालच्या डनलॉपच्या हवेच्या टायरनें सामानाचीं हाडें खिळखिळीं होण्याचें थांबविलें.

परंतु जगप्रवासी आणि रोज कामावर जाणारा ह्यांच्या पिशव्या एका मापानें मोजतां येत नाहींत. आपल्या मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण १९२३ च्या ऑक्टोबरांत सायकलीवरून निघाले आणि १९२८ च्या मार्चांत पृथ्वी फिरून परत आले. त्यांचें धैर्य मोठें खरें. पण प्रवाशानें सामान एकदां विचारपूर्वक बांधलें कीं महिने-महिने त्याला हात लावावा लागत नाहीं. नोकरदाराला तें रोज सकाळीं घाईघाईनें भरावयाचें असतें आणि रोज सायंकाळीं थकून सोडावयाचें असतें. शिवाय प्रवासी जें नेतो तें स्वतःचें असतें. नोकरदाराच्या पिशवींत बहुधा दुसऱ्याचें कांहींतरी असतें, आणि तें हरवलें अथवा भिजलें तर दुसऱ्याचें नुकसान होतें.

विलायतेंत ह्या रोजच्या पिशवीचा प्रश्न लँकेशायरमधील नेल्सन ह्या कापडाच्या गिरण्यांच्या गांवीं सुटला, हें सोलापूरकरांनीं लक्षांत घेण्यासारखें आहे. १९३२ सालीं तेथील विल्फ कॅरडाइस नांवाच्या सायकलच्या षोकीनानें जाड सुती कापडाची पिशवी स्वतःकरितां शिवली. ती पाहून मित्रांनीं मागितली, आणि तिचा धंदा झाला. हें कापड घट्ट विणीचें असतें. पाऊस लागला म्हणजे सुताचे धागे फुगतात आणि विणींतलीं भोकें आपोआप मिटतात. त्याला मेण दिलें म्हणजे तें आणखी पक्कें होतें. आपल्या मेणकापडाचें आणि ताडपत्रीचें तत्त्व ह्याहून निराळें नाहीं. नेल्सनच्या गिरण्या गेल्या, पिशवी मात्र अजून निघते. आमच्याकडे गिरण्या होत्या, जाड सूत होतें, सायकली होत्या आणि शिवणारे हात तर घरोघर होते. पण सायकलच्या पिशवीचा धंदा उभा राहिला नाहीं. त्याचें कारण मला असें वाटतें कीं, सोलापुरांत ती पिशवी विकत घ्यावयाची वस्तु कधीं नव्हतीच. ती घरांतल्या बाईनें शिवावयाची वस्तु होती.

येथील पहिली मोठी गिरणी मोरारजी गोकुळदासांची. ती १८७७ सालीं सुरू झाली आणि पुढें नव्या निघाल्या म्हणून तिला 'जुनी गिरणी' हें नांव पडलें. ती १९४९ सालीं बंद पडली, तेव्हां सरकारनें १९५० सालीं तिच्यापुरता स्वतंत्र कायदा केला, आणि त्या कायद्याविरुद्ध एक भागीदार त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयांत गेला. त्यामुळें राज्यघटनेचा प्रत्येक विद्यार्थी आजहि सोलापूरच्या गिरणीचें नांव वाचतो. त्या गिरणींतला माणूस दुपारीं काय खाई हें मात्र कोणत्याहि निकालपत्रांत नाहीं. १८९१ च्या कायद्यानें कारखान्यांत दुपारची अर्ध्या तासाची सुटी सक्तीची झाली. म्हणजे दुपारच्या भाकरीला कायद्यानें वेळ मिळाला. तिला जागा मिळावयास १९४८ चा कायदा यावा लागला. दीडशेंहून अधिक कामगार असतील तेथें जेवणाची खोली आणि अडीचशेंहून अधिक असतील तेथें उपाहारगृह असावें, असें त्यानें ठरविलें. मधल्या ५७ वर्षांत भाकरीला वेळ होता आणि जागा नव्हती. ती माणसाच्या मांडीवर, झाडाखालीं, भिंतीच्या सांवलींत खाल्ली जाई. तिची खरी जागा म्हणजे ती ज्या फडक्यांत बांधून येई तें फडकें.

माझे वडील एका गिरणींत सांचेखात्यांत होते. पहाटेचा भोंगा झाला कीं आमच्या गल्लींतल्या सायकली एकामागून एक निघत, आणि प्रत्येकीच्या हँडलास उजव्या बाजूनें एक पिशवी लोंबत असे. वडिलांची पिशवी आईनें जुन्या सोलापुरी चादरीच्या न झिजलेल्या कडेची शिवली होती. ती बेततांना तिनें फूटपट्टी घेतली नाहीं. एक भाकरी कापडावर ठेविली, तिच्या भोंवतीं दोन बोटें मोकळीं सोडलीं, आणि कात्री चालविली. मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, एक कांदा, एक पंचा आणि चंची एवढ्याला ती पिशवी नेमकी पुरे. कालवण पातळ असलें तर तें सांडे, म्हणून आमच्याकडे गिरणीच्या दिवशीं पातळ कालवण होतच नसे. खाणें पाहून पिशवी ठरली आणि मग पिशवी पाहून खाणें ठरूं लागलें.

ही पिशवी हँडलावर कां, कॅरिअरवर कां नाहीं, असें मीं लहानपणीं एकदां विचारलें होतें. वडील म्हणाले, "मागं बांधली तर चुरा हुतोय, बाळा." कडक भाकरी पापडासारखी ठिसूळ, कॅरिअरवर आवळून बांधली कीं खड्ड्याचा प्रत्येक धक्का तिला सरळ बसे आणि गिरणींत पोंचेपर्यंत पिशवींत नुसता भुगा राही. हँडलावरची पिशवी झोका घेई, धक्का झोक्यांत जिरे आणि भाकरी अखंड राही. म्हणजे सबंध गल्ली जी गोष्ट निव्वळ संवयीनें करीत होती असें मला वाटे, तिच्यामागें हें कारण होतें. पण तें भाकरीपुरतें खरें होतें, सर्व वस्तूंना नव्हे, हा भेद मीं तेव्हां ध्यानांत घेतला नाहीं.

मुंबईनें हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. तेथें घर आणि कामाची जागा ह्यांमध्यें आगगाडीचा तासाभराचा प्रवास, सकाळची गर्दी अशी कीं हातांत डबा घेऊन डब्यांत शिरणें कठीण. १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं ही चाकरी सुरू केली. आणि मावळ, खेड, जुन्नरकडच्या माणसांनीं ती सव्वाशें वर्षांहून अधिक काळ चालविली. झांकणावरच्या रंगांच्या व अक्षरांच्या खुणांवरून डबा बिनचूक धन्याच्या टेबलावर पोंचतो आणि संध्याकाळीं रिकामा घरीं परततो, ह्याचें कौतुक परदेशांतहि झालें आहे. मला त्यांच्या सायकली पाहण्यासारख्या वाटतात. स्टेशनाबाहेर पडलेला डबेवाला हँडलाच्या दोन्ही अंगांस आणि कॅरिअरच्या दोन्ही अंगांस डबे असे अडकवितो कीं कांट्याच्या तराजूंत तोलले असावेत; लमाणाची गोणच ती. पण ह्या व्यवस्थेंत नोकरदाराच्या पिशवींतून भाकरी निघून गेली आणि तींत नुसते कागद राहिले. सोलापूर एवढें मोठें कधींच नव्हतें कीं भाकरी एकीकडून आणि माणूस दुसरीकडून निघावा.

मी नोकरीस लागलों तेव्हां वडिलांची सायकल मजकडे आली, आणि तिच्याबरोबर हँडलास पिशवी लटकविण्याची संवयहि. १९९८ च्या सप्टेंबरांतील गोष्ट. आमच्याकडे पाऊस कमी, पण परतीचा पाऊस येतो तो न विचारतां येतो. चाचणी परीक्षेच्या ३८ उत्तरपत्रिका कापडी पिशवींत घालून मी घरीं निघालों होतों. भुईकोट किल्ल्याच्या बाजूनें सिद्धेश्वर तलावाकडे येतां येतां सर आली. घाईनें पॅडल मारूं लागलों तशी पिशवी जोरानें हेलकावूं लागली, कागदाच्या वजनानें हँडल ओढूं लागली, आणि एका वळणावर तिचा खालचा कोंपरा पुढल्या चाकाच्या आऱ्यांत गेला. मी रस्त्यावर आणि पिशवी डबक्यांत. मला खरचटलें तेवढेंच. उत्तरपत्रिका मात्र मीं गोळा करीपर्यंत पाण्यांत होत्या.

बॉलपेननें लिहिलेल्या बहुतेक वांचल्या. चार मुलांनीं शाईच्या पेननें लिहिलें होतें. त्यांपैकीं तिघांचें कसेंबसें लावतां आलें. चौथ्याच्या पानांवर निळा डाग तेवढा उरला होता. पहिल्या पानावरचें त्याचें नांव आणि प्रश्नाचा क्रमांक एवढेंच वाचतां येत होतें. हा मुलगा पूर्व भागांत एका यंत्रमागावर रात्रपाळी करी आणि सकाळीं तसाच वर्गांत येऊन बसे. त्याला बोलावून मीं झालेली गोष्ट सांगितली. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "परत लिहितो की सर. फक्त उद्या नको, पाळी हाय." रविवारीं दुपारीं तो माझ्या घरीं आला. अर्ध्या पेपरानंतर त्याचा हात हळू पडूं लागला आणि मान खालीं गेली. मीं त्याला उठविलें नाहीं, वीस मिनिटें झोंपूं दिलें आणि तेवढा वेळ वाढवून दिला. त्याला ५० पैकीं २६ गुण पडले. भिजलेल्या उत्तरपत्रिकेंत त्याला किती पडले असते, हा विचार तो पदवीधर होऊन गेल्यावरहि मला सोडीना.

जातांना अंगणांत त्यानें आपली सायकल काढली. कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीनें एक पिशवी आवळली होती. ती सुताच्या पोत्याची होती. यंत्रमागावर सूत ज्या विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यांतून येतें, त्याचा तुकडा दुपदरी करून आंत पातळ प्लास्टिकचें अस्तर लावलेलें. "ह्यात असतं तर भिजलं नसतं सर," तो म्हणाला. त्यांत टोमणा नव्हता. तो मला माहिती देत होता. ती कोणाकडून शिवली तेंहि त्यानेंच सांगितलें.

तो कारागीर रिक्षांचे हूड आणि टेंपोच्या ताडपत्र्या शिवणारा. मीं त्याला पिशवीचें माप सांगूं लागलों तसें त्यानें मला थांबविलें, सायकल स्टँडवर घेतली आणि मागलें चाक फिरवून पाहिलें. "एकाच अंगाला संचि लावली तर गाडी ओढतंय बघा सर. दोन्हीकडं पायजे. मधी पट्टा टाकतो, कॅरिअरवर बसतंय, बैलावर गोण टाकल्यासारखं." इतकीं वर्षें लमाणांच्या तांड्यांविषयीं वर्गांत बोलत आलेला मी तेथें उभा होतों आणि गोण हा शब्द त्याला सुचला. पहिल्या बेतांत माझी टांच दर फेऱ्याला पिशवीस लागे. त्यानें ती चार बोटें मागें सरकविली. चाकाच्या बाजूला त्यानें पत्र्याची नव्हे, जाड पुठ्ठ्याची पाठ घातली, म्हणजे कापड आंत झुकून आऱ्यांस घांसणार नाहीं आणि पत्र्याची धार कागदांस लागणार नाहीं. पट्ट्याचीं टोंकें शिवणीखालीं दाबून टाकलीं. झांकण मात्र तिहेरी ठेवण्याचा माझा आग्रह त्यानें मानला नाहीं. जड झांकण कोणी रोज नीट लावीत नाहीं, असें तो म्हणाला, आणि तें खरें ठरलें.

भरण्याविषयीं सांगावयाचें तर तें थोडक्यांत सांगतां येतें. जड वस्तु तळाशीं आणि चाकालगत, हलक्या वर. कागद उभे, प्लास्टिकच्या पिशवींत, आणि त्या पिशवीचें तोंड खालीं दुमडलेलें. डबा आणि कागद एका बाजूस कधींहि ठेवूं नयेत. डबा व पाण्याची बाटली डावीकडे, पुस्तकें व उत्तरपत्रिका उजवीकडे, म्हणजे तोलहि राहतो आणि आमटी सांडली तरी ती जेवणापुरतीच सांडते. पंप, पंक्चरचें सोल्यूशन व ठिगळें ह्यांना लहानसा निराळा खिसा असावा. पावसांत सगळी पिशवी उपसावी लागली म्हणजे त्याचें महत्त्व कळतें. आणि काय नेऊं नये ह्याचा विचार आधीं करावा. माझ्या पिशवींत एकदां तीन महिन्यांपूर्वींचें परीक्षेचें वेळापत्रक, दोन खडू, एका लग्नाची पत्रिका आणि कोणा तरी विद्यार्थ्याची छत्रीची मूठ निघाली होती. तेव्हांपासून दर शनिवारीं ती उलटी करून झाडतों.

हल्लीं बाजारांत तयार पिशव्या पुष्कळ मिळतात. हार्टमुट ऑर्टलीब नांवाचा जर्मन तरुण १९८१ सालीं इंग्लंडांत सायकलीवरून फिरतांना भिजून चिंब झाला, आणि मालमोटारींवरची ताडपत्री पाहून तसल्याच कापडाची पिशवी करावी असें त्याच्या मनानें घेतलें. १९८२ सालीं त्याचा कारखाना निघाला आणि तोंड गुंडाळून बंद करावयाची त्याची पिशवी आतां सर्व जगभर आहे. टेंपोच्या ताडपत्रीवरून आमच्या पूर्व भागांतल्या कारागिरास जें सुचलें होतें तेंच हें. किंमत अर्थात् निराळी. पाठीवरच्या सॅकचा मात्र मी पुरस्कर्ता नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत येथें पारा चाळिसाच्या पुढें असतो. पाठीला चिकटलेली सॅक घेऊन वर्गांत उभें राहिलें कीं सदऱ्यावर तिचा नकाशा उमटतो. शिवाय ओझें माणसाच्या खांद्यावर आणि माणूस सायकलीवर, म्हणजे वाहनाला वजन चुकलें नाहीं आणि माणसालाहि चुकलें नाहीं. ज्यानें बैल बाळगला आहे त्यानें गोण स्वतःच्या डोक्यावर घेऊन बैलावर बसावें, तशांतला हा प्रकार.

हें सगळें मीं दुसऱ्या दिवशीं आमच्या तरुण सहकारिणीस ऐकविलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "सर, पण लॅपटॉपचं काय? मागच्या चाकावर धक्के बसून तो टिकेल का?" मला उत्तर सुचेना. वडिलांची कडक भाकरी मला त्याच वेळीं आठवावयास पाहिजे होती. ती आठवली सायंकाळीं घरीं गेल्यावर. जी वस्तु धक्क्यानें फुटते ती आवळून बांधूं नये, तिला झोका तरी द्यावा नाहींतर खालीं मऊ तरी घालावें. मीं तिला तसें सांगितलें. ती म्हणाली कीं तिच्या आईनें तोंवर बेत केलाच होता: घरांतली एक जुनी चादर चौपदरी करून आंथरली, लॅपटॉप तिच्यावर ठेविला, भोंवतीं दोन बोटें मोकळीं सोडलीं आणि कात्री घेतली.